न्यूजरीडर कसा निवडावा? युझनेट, मराठी चर्चागट आणि इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

१/
समाजमाध्यमांवर एकामागून एक जोडलेल्या नोंदींना आपण ‘धागा’ म्हणतो. चर्चेला धागा म्हणण्याची ही रीत ज्या जुन्या व्यवस्थेत रुजली, तिचे नाव युझनेट. मराठी भाषकांचे आंतरजालावरील आरंभीचे सार्वजनिक संवाद याच व्यवस्थेत घडले. आजचा धागा या व्यवस्थेविषयी आणि तेथील लेखन वाचण्यासाठी लागणाऱ्या ‘न्यूजरीडर’ या साधनाच्या निवडीविषयी आहे.

२/
न्यूजरीडर म्हणजे दूरचित्रवाणीवरचा वृत्तनिवेदक नव्हे. चर्चागटांतील संदेश आणून, त्यांची मांडणी करून वाचकासमोर ठेवणारा हा संगणकीय कार्यक्रम आहे. तो निवडणे वरवर पाहता किरकोळ बाब वाटेल. परंतु ज्याला १९९०च्या दशकातील मराठी समाजाचा अभ्यास करायचा आहे, त्याच्यासाठी ही निवड जवळजवळ मोडी शिकण्याइतकी महत्त्वाची आहे. का, ते क्रमाने पाहू.

३/
प्रथम पार्श्वभूमी. १९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी ही कल्पना मांडली. शेजारच्या चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांनी तिची पहिली संगणकीय आज्ञावली लिहिली. १९८० साली ही व्यवस्था इतर संस्थांसाठी खुली झाली.

४/
युझनेटला मध्यवर्ती कचेरी नव्हती. एका संस्थेचा संगणक दुसऱ्या संस्थेच्या संगणकाला दूरध्वनीवरून जोडला जाई, नवे संदेश देई, नवे संदेश घेई. दुसरा तेच तिसऱ्याला देई. जुन्या टपालातील जासूद एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत थैली नेई, तसाच हा प्रकार. प्रत्येक ठिकाणी संदेशाची स्वतंत्र प्रत राही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे.

५/
संदेशांची वाटणी विषयवार होती. संगणकाचे गट ‘कॉम्प’ या शाखेत, करमणुकीचे ‘रेक’मध्ये, समाज व संस्कृतीचे ‘सॉक’मध्ये. ही रचना १९८६-८७ मधील मोठ्या नामांतरानंतर स्थिर झाली. ‘सॉक.कल्चर.इंडियन’ हा भारतीयांचा सर्वसाधारण गट. १९९०च्या दशकात त्याच्या बरोबरीने भाषावार गट उभे राहिले आणि त्यांत ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हाही होता.

६/
असा गट कोणी एकाने ठरवून निघत नसे. आधी प्रस्ताव, मग जाहीर चर्चा, मग ईमेलने मतदान. होकार हे नकारांपेक्षा किमान १०० ने अधिक असावेत आणि एकूण मतांच्या दोन तृतीयांश असावेत, असा त्या काळचा रूढ नियम होता. म्हणजे या मुख्य शाखांत मराठी गट असणे, ही गोष्टच सांगते की त्यासाठी मत देण्याची तसदी घेणारे लोक जगभर विखुरलेले होते.

७/
हे लोक प्रामुख्याने कोठे होते? अमेरिकेतील विद्यापीठांत आणि संगणक कंपन्यांत. तेथे शिकणाऱ्याला युझनेट विनामूल्य उपलब्ध होते. भारतात चित्र निराळे होते आणि त्या चित्रातील एक महत्त्वाचा बिंदू मुंबईत होता.

८/
१९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहू येथे असलेले ‘एनसीएसटी’, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, यांचा समावेश होता. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी हे या कामातील अग्रणी.

९/
एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात दूरध्वनीवरून ईमेल सुरू झाली. दशकाच्या अखेरीस एनसीएसटीतून अमेरिकेतील यूयूनेट या संस्थेपर्यंत वाहिनी मिळाली. तिचा वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट, म्हणजे जास्तीत जास्त १२०० रोमन अक्षरे. पाच लाख अक्षरांचा ग्रंथ पाठवायचा तर सुमारे सात मिनिटे लागली असती. आणि हा वेग अनेक संस्थांनी वाटून घ्यायचा होता.

१०/
नवी मुंबईतील वाचकांसाठी एक टीप. एनसीएसटी पुढे सीडॅकमध्ये विलीन झाली. तिची वारसदार संस्था आज खारघर स्थानकासमोर आहे. मी कामोठ्यात राहते. आमच्या मानसरोवर स्थानकावरून मुंबईकडे निघाले की पहिले स्थानक तेच. गाडीतून रोज दिसणारी ती वास्तू भारतीय आंतरजालाच्या इतिहासाशी जोडलेली आहे, हे फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असेल.

११/
सामान्य नागरिकांसाठी आंतरजाल खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या सेवेतून. चित्रे दाखवणारी जोडणी महाग होती. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त पर्याय होता तो केवळ अक्षरे दाखवणाऱ्या खात्याचा. काळा पडदा, त्यावर उजळ अक्षरे आणि माऊसचा काही उपयोग नाही. अशा पडद्यावर मजकूर वाचायचा तर वाचण्याचे साधन कोणते, याला अतिशय महत्त्व येते.

१२/
आता मूळ विषयाकडे. युझनेटवर फार लवकर एक अडचण उभी राहिली : संदेश फार आणि वेळ थोडा. वर्दळीच्या गटात रोज शेकडो संदेश येत. ते सारे वाचणे अशक्य. म्हणून कोणता संदेश आधी दिसावा, कोणता दिसूच नये, याचा निर्णय कोणी तरी घ्यायला हवा. तो निर्णय युझनेटने वाचकाच्या हाती दिला आणि त्याचे हत्यार म्हणजे न्यूजरीडर.

१३/
पहिली साधने ओबडधोबड होती. ती संदेश आले त्या क्रमाने एकेक दाखवीत. १९८४ साली लॅरी वॉल यांनी ‘आरएन’ हा कार्यक्रम लिहिला. पर्ल ही संगणकभाषा घडवणारे हेच ते वॉल. ती १९८७ सालची. ‘आरएन’ची खुबी अशी की केवळ स्पेसबार दाबत राहिले तरी पुढचे योग्य पाऊल तो स्वतः टाकी. वाचकाचे हात थकू नयेत, हा विचार त्यात होता.

१४/
‘आरएन’मध्ये ‘किल फाइल’ नावाची सोय होती. नको असलेला विषय किंवा नको असलेला लेखक त्या यादीत टाकला की त्याचे संदेश पडद्यावर येतच नसत. गटात भांडणे पेटली की अनुभवी मंडळी उत्तर देत बसत नसत. यादीत एक ओळ वाढवीत आणि पुढे जात. समोरच्याचे बोलणे बंद होत नसे, आपले ऐकणे तेवढे थांबे. आजच्या ‘ब्लॉक’ आणि ‘म्यूट’ या बटनांचे हे पूर्वज.

१५/
कोणते संदेश वाचून झाले, याची नोंद ‘न्यूजआरसी’ नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत राही. गटाच्या नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबे असली की गट चालू, उद्गारचिन्ह असले की बंद. ही फाइल वाचकाच्या स्वतःच्या खात्यात असे. ती उघडून पाहता येई, हाताने दुरुस्त करता येई. आपण काय वाचले, याचा हिशेब आपल्याच पदरी होता.

१६/
यानंतर दोन निरनिराळे विचार पुढे आले. डेन्मार्कमधील किम स्टॉर्म यांच्या ‘एनएन’ने आधी विषयांची यादी दाखवली : यादीतून निवडा, मगच वाचा. नको ते वगळण्यापेक्षा हवे ते वेचणे, ही त्याची पद्धत. दुसरा विचार वेन डेव्हिसन यांच्या ‘टीआरएन’चा. त्याने कोणता संदेश कोणाला उत्तर म्हणून आला आहे, हे वंशवृक्षासारख्या आकृतीत पडद्याच्या कोपऱ्यात काढून दाखवले. चर्चेचा धागा असा डोळ्यांना दिसू लागला.

१७/
१९९१ मध्ये इयन ली यांचा ‘टिन’ आला. त्यात संपूर्ण पडदाभर याद्या आणि कळींची माहिती तळाशी दिलेली असे, त्यामुळे नवख्याला तो सोपा वाटे. वॉशिंग्टन विद्यापीठाचा ‘पाइन’ मुळात ईमेलसाठी होता, पण त्यातून गटही वाचता येत. विंडोज वापरणाऱ्यांसाठी फोर्टे कंपनीचा ‘एजंट’ होता : जोडणी करून फक्त मथळे उतरवायचे, जोडणी तोडायची, सावकाश खुणा करायच्या, पुन्हा जोडून तेवढेच संदेश आणायचे. दूरध्वनीचे बिल मिनिटांवर चढत असताना ही पद्धत फार सोयीची.

१८/
येथे थोडे थांबून इतिहासाकडे पाहू. पेशवाईत दिल्ली, हैदराबाद अशा दरबारांतून वकिलांची पत्रे आणि अखबार पुण्यास येत. दिल्लीचे हिंगणे, निजामाच्या दरबारातील गोविंदराव काळे ही नावे आपणांस परिचित आहेत. आलेल्या बातमीतील कोणती खरी मानावी आणि कोणती पुढे पाठवावी, हे वाचणारा कारभारी ठरवी. युझनेटचा वाचक काहीसा अशा कारभाऱ्यासारखा होता. फरक एवढाच की येथे प्रत्येक जण स्वतःचा कारभारी.

१९/
आता मराठीपुरत्या अडचणीकडे वळू. युझनेटची वाट सात बिटांच्या अक्षरसंचासाठी बांधलेली होती. त्यात एकूण १२८ चिन्हे मावत : रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि काही नियंत्रक खुणा. देवनागरीला तेथे जागा नव्हती. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती खरी, पण घरोघरच्या संगणकांपर्यंत ती पोहोचायला आणखी बरीच वर्षे लागली.

२०/
म्हणून मराठी माणसाने रोमन अक्षरांत मराठी लिहिली. पण रोमन लिपीत ‘त’ आणि ‘ट’ यांस एकच अक्षर, ‘न’ आणि ‘ण’ यांस एकच, ‘ल’ आणि ‘ळ’ यांसही एकच. मग ‘वात’ आणि ‘वाट’, ‘मन’ आणि ‘मण’, ‘कल’ आणि ‘कळ’ हे शब्द पडद्यावर सारखेच दिसू लागले. संदर्भावरून अर्थ लावायचा. मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि वाचक तो संदर्भाने लावतो. त्या परंपरेचे हे नवे रूप म्हणता येईल.

२१/
यावर काहींनी शिस्तबद्ध उपाय काढले. अविनाश चोपडे यांची ‘आयट्रान्स’ ही लिप्यंतर पद्धत त्यांपैकी प्रसिद्ध. ‘रेक.म्यूझिक.इंडियन.मिस्क’ या गटात हिंदी चित्रपटगीतांचे शब्द नेमके लिहिण्याची निकड होती. तेथे आणि संस्कृतच्या अभ्यासकांत ती विशेष रुळली. लहान ‘टी’ म्हणजे ‘त’, मोठा ‘टी’ म्हणजे ‘ट’. लहान ‘एन’ म्हणजे ‘न’, मोठा ‘एन’ म्हणजे ‘ण’. मोठा ‘एल’ म्हणजे ‘ळ’. साध्या कळफलकावर सारे काम भागे.

२२/
येथे साधनाचा प्रश्न पुन्हा येतो. लहान आणि मोठ्या अक्षरांतील भेद शोधताना दुर्लक्षित करणे, ही बहुतेक कार्यक्रमांची सवय असते. इंग्रजीसाठी ती सोयीची. पण आयट्रान्समधील मराठीत तोच भेद म्हणजे ‘वात’ आणि ‘वाट’ यांतील भेद. ज्या न्यूजरीडरमध्ये अक्षरभेद पाळून शोध घेता येत नाही, तो या मजकुरासाठी अपुरा. मराठी अभ्यासकाची ही पहिली कसोटी.

२३/
दुसरी कसोटी मथळ्यांची. प्रत्येक युझनेट संदेशाच्या डोक्यावर काही ओळी असतात : पाठवणारा, तारीख, गट, संदेशाचा एकमेव क्रमांक, तो कोणत्या संदेशांना उत्तर आहे त्यांचे क्रमांक आणि तो कोणकोणत्या संगणकांवरून प्रवास करीत आला ती वाट. जुन्या पत्रातील मायना, तारीख आणि शेरा यांच्या तोडीची ही माहिती. बरेच आधुनिक कार्यक्रम ती लपवतात. अभ्यासकाला ती एका कळीसरशी दिसायला हवी.

२४/
याचे कारण सांगते. युझनेटवर पाठवणाऱ्याचे नाव कोणीही काहीही लिहू शके. परंतु ‘वाट’ या ओळीचा मोठा भाग मधले संगणक भरीत. एखादा संदेश मुंबईहून लिहिला असे म्हणतो आणि वाटेत भारतातील एकही संगणक नाही, तर शंका घेणे प्राप्त आहे. अर्थात मुंबईतील माणूस परदेशी खाते वापरीत असणेही शक्य आहे. कागद खरा की बनावट, हे ठरवताना आपण शाई, कागद आणि शिक्के तपासतो, त्यातलाच हा प्रकार.

२५/
तिसरी कसोटी धाग्याची. ‘मीही सहमत आहे’ एवढेच लिहिलेला संदेश सुटा वाचला तर निरर्थक. तो कोणाला उद्देशून आहे, हे कळले तरच त्यास अर्थ. काही कार्यक्रम केवळ विषयाची ओळ सारखी पाहून संदेश एकत्र बांधतात. ही पद्धत फसवी, कारण ‘पुरणपोळी’ या विषयाखाली सुरू झालेली चर्चा विषय न बदलता राजकारणाकडे वळलेली असू शकते. संदर्भ-क्रमांकांवरून वृक्ष बांधणारा न्यूजरीडरच विश्वासार्ह.

२६/
चौथी कसोटी मोजणीची. एकच संदेश एकाच वेळी अनेक गटांत टाकता येई. चांगला न्यूजरीडर तो एकदाच दाखवतो आणि इतर गटांत ‘वाचला’ अशी खूण करतो. ‘मराठी गटात अमुक महिन्यात इतके संदेश’ असे विधान करण्यापूर्वी त्यांतील किती मुळात त्या गटासाठी लिहिलेले होते आणि किती चार गटांत भिरकावलेले, हे पाहिलेच पाहिजे. नाही तर बाहेरचा गोंगाट आपण मराठी समाजाचा आवाज म्हणून नोंदवू.

२७/
पाचवी कसोटी जतनाची. येथे आपण या धाग्याच्या सर्वांत गंभीर भागाकडे येतो. युझनेटचे संदेश कायम राहावेत, अशी मूळ योजना नव्हती. प्रत्येक संगणक काही दिवसांनी जुने संदेश पुसून जागा मोकळी करी. मग १९८०च्या दशकातील संदेश आज वाचायला मिळतात ते कसे?

२८/
टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर नावाचे संगणक-व्यवस्थापक होते. त्यांनी संदेश पुसण्यापूर्वी चुंबकीय फितींवर उतरवून ठेवले. १९८१ ते १९९१ या काळातील अशा १४१ फिती जमल्या. पुढे त्या परिश्रमपूर्वक वाचून घेण्यात आल्या आणि सुमारे २० लाख संदेश हाती लागले. प्राणिशास्त्र विभागातल्या या फिती नसत्या, तर त्या दशकाचा मोठा भाग गेला असता.

२९/
ही हकिकत वाचताना राजवाडे आठवल्याशिवाय राहत नाहीत. गावोगावचे वाडे पालथे घालून, रद्दीत जाऊ पाहणारे दप्तर त्यांनी मिळवले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि अशा २२ खंडांची मालिका झाली. पुढे सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. तरीही पुणे पुराभिलेखागारातील असंख्य रुमाल अजून नीट उलगडायचे आहेत. जतन आधी, अभ्यास नंतर, हा क्रम आपल्याला त्यांनीच शिकवला.

३०/
१९९५ साली ‘डेजान्यूज’ या संकेतस्थळाने युझनेटचा शोधयोग्य साठा उभारला. फेब्रुवारी २००१ मध्ये तो गूगलने विकत घेतला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वीस वर्षांचे, सुमारे ७० कोटी संदेश खुले केले. न्यूजरीडर बसवण्याची गरजच उरली नाही, असे अनेकांस वाटले. ब्राउझर उघडा आणि वाचा. सोय मोठी होती, पण सारी भिस्त एका दुकानावर आली.

३१/
ड्यूक विद्यापीठाने, म्हणजे युझनेटच्या जन्मस्थानाने, २०१० मध्ये आपला सर्व्हर बंद केला. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सने युझनेटचे नवे संदेश घेणे आणि पाठवणे थांबवले. जुने संदेश तेथे अजून पाहता येतात. परंतु ते किती काळ ठेवायचे, हा निर्णय सर्वस्वी एका कंपनीचा आहे. चौथ्या नोंदीत म्हटले होते की प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र प्रत असे. ते बळ आपण सोयीपायी गमावले.

३२/
मराठीसाठी याचा अर्थ काय? ‘मायबोली’ १९९६ साली सुरू झाली. ‘मनोगत’, ‘मिसळपाव’, ‘उपक्रम’ ही स्थळे नव्या शतकातली. त्यांच्या आधीचे आणि आरंभीच्या वर्षांत त्यांना समांतर असे मराठी माणसांचे सार्वजनिक लेखन शोधायचे तर युझनेटकडे जावे लागते. उदारीकरणानंतरच्या पहिल्या पिढीतील स्थलांतरित तरुण परक्या देशात आपल्या भाषेविषयी कसे बोलत, कोणत्या लिपीत बोलत, हे सांगणारे असे साधन दुसरीकडे सहज मिळणार नाही.

३३/
आता व्यवहाराचे. हे वाचायचे असेल तर काय करावे? इंटरनेट अर्काइव्हवर युझनेटच्या जुन्या गटांचे साठे ‘एमबॉक्स’ या स्वरूपात ठेवलेले आहेत : एका गटाचे सारे संदेश एकाच फाइलीत, जणू एक रुमाल. हा रुमाल सोडवण्यासाठी योग्य साधन हवे. आजही चालू असलेले गट वाचायचे असतील तर ‘इटर्नल सप्टेंबर’सारखा मोफत नोंदणीचा, केवळ मजकुराचा सर्व्हर पुरेसा आहे.

३४/
साधने चार, थोडक्यात.
थंडरबर्ड : मोफत, सर्व प्रमुख संगणकांवर चालणारे, देवनागरी उत्तम दाखवणारे. संपूर्ण मथळा पाहण्याची सोय आहे. नवख्याने येथूनच सुरुवात करावी. एमबॉक्स उघडण्यासाठी मात्र एक जोडकार्यक्रम सोयीचा पडतो.
पॅन : मुख्यतः लिनक्ससाठी. संदेशांना गुण देऊन वर-खाली करण्याची सोय चांगली.

३५/
एसएलआरएन : जुन्या काळ्या पडद्याचा, अत्यंत वेगवान. रोमन मराठीसाठी उत्तम. देवनागरीसाठी मी सुचवणार नाही.
ग्नूस : ईमॅक्स या संपादकाच्या पोटातला. एमबॉक्स फाइल थेट गटासारखी उघडतो, नियमांनी शोध घेतो, धागे काटेकोर बांधतो. शिकायला अवघड आहे. पण प्रबंधासाठी हजारो संदेश चाळायचे असतील, तर शिकण्यात घातलेला वेळ वसूल होतो.

३६/
ग्नूसमधील एक सोय मुद्दाम सांगण्याजोगी. आपण कोणते संदेश वाचतो आणि कोणते टाळतो, हे पाहून तो आपोआप गुण देऊ शकतो. म्हणजे आजच्या समाजमाध्यमांतील अल्गोरिदमचाच नातलग. पण ही गुणांची फाइल आपल्याच संगणकावर राहते, वाचता येते, बदलता येते, पुसता येते. आजच्या माध्यमांत तसली फाइल आपल्या दृष्टीस पडत नाही. यंत्राने निवड करणे हे नवे नाही. निवडीचे नियम वाचकापासून दडवणे हे नवे आहे.

३७/
मग माझे मत काय? केवळ चर्चा वाचण्यासाठी थंडरबर्ड. अभ्यासासाठी ग्नूस. आणि कोणतेही साधन घेतले तरी तीन पथ्ये. पहिले : मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा आणि काम तिच्या प्रतीवर करा. दुसरे : रोमन मजकुराचे देवनागरीकरण केले, तरी मूळ रोमन पाठ शेजारी द्या. तिसरे : संदर्भ देताना संदेशाचा क्रमांक द्या, संकेतस्थळाचा पत्ता नव्हे. पत्ते बदलतात, पण क्रमांक संदेशाबरोबरच राहतो.

३८/
एक नैतिक प्रश्नही आहे. हे लेखन सार्वजनिक होते, पण लिहिणारे बहुतेक खासगी व्यक्ती होते आणि आज हयात आहेत. विशीत लिहिलेले तावातावाचे चार शब्द तीस वर्षांनी कोणी उकरून काढील, याची त्यांना कल्पना नसणार. काहींनी तर आपला संदेश साठवू नये, अशी सूचना मथळ्यातच दिलेली असते. समाजाचा अभ्यास जरूर करावा. व्यक्तीचे नाव अत्यावश्यक नसेल तर घेऊ नये.

३९/
किल फाइलविषयी शेवटची सूचना. वाचक म्हणून ती वरदान आहे. इतिहासकार म्हणून ती बंद ठेवा. ज्यांचे लेखन त्या काळच्या वाचकांनी गाळले, ते भांडखोर आणि तेच ते उगाळणारे लोकही त्या समाजाचा भाग होते. आपल्याला न पटणारा कागद बखरकार बाजूला सारू शके. साधनांची सूची करणाऱ्याला ती मुभा नाही.

४०/
एक काम सांगून थांबते. आपल्या घरी किंवा नात्यात १९९०च्या दशकात परदेशी शिकायला गेलेले कोणी असतील, तर त्यांच्या जुन्या संगणकावर, फ्लॉपीवर, सीडीवर उतरवून ठेवलेले संदेश आहेत का, हे विचारा. फ्लॉपी आणि सीडी दर वर्षी थोड्या थोड्या निकामी होत आहेत. मिळाल्यास आधी प्रत काढा, मग त्यांच्या संमतीने पुढचे पाहू. कोणाला एमबॉक्स फाइल उघडताना अडचण आली तर खाली विचारा. पुढच्या धाग्यात आयट्रान्स मजकूर देवनागरीत आणण्याची रीत पायरीपायरीने मांडीन.

#इतिहासधागा #मराठी #युझनेट